पाचवं शुभवर्तमान

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन मराठी चर्चमध्ये जी उपासना चालते, तिच्यात येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. चारांपैकी कुठलंही शुभवर्तमान उघडा, त्यात सात उद्गार सापडत नाहीत. मार्क आणि मत्तय यांच्याकडे एकच, तोही दोघांचा सामायिक. लूककडे तीन, योहानाकडे तीन. एकाचे दुसऱ्याकडे नाहीत. बेरीज सात. ही बेरीज करावी का, यावरून नगरकडच्या दोन भावंडांमध्ये झालेलं हे बोलणं. भावंडं मी रचलेली आहेत, वाद मात्र अठराशे वर्षांचा जुना आहे. भाऊ सरकारी लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेला, मंडळीच्या पंचांपैकी एक. यंदा त्याच्या वाट्याला चौथा उद्गार आला आहे. ताईने कॉलेजात मराठी शिकवलं आणि रविवारी शब्बाथ शाळा चालवली. दोघंही श्रद्धावंत. हे आधीच सांगून टाकतो, कारण असा वाद म्हटला की एक बाजू नास्तिकाची असणार, असं आपण धरून चालतो.

भाऊ: नेमका चौथा मला दिलाय. देवाने मला का सोडलं, असं येशूच विचारतो. त्यावर पंधरा मिनिटं बोलायचं काय? मी ठरवलंय, लोकांना सांगायचं की हा मधला टप्पा आहे. मारणाऱ्यांसाठी क्षमा मागून झालीय, शेजारच्या चोराला सुखलोकाचा शब्द देऊन झालाय, आईला शिष्याच्या हवाली केलंय. मग हा काळोख. आणि शेवटी आत्मा पित्याच्या हाती. म्हणजे घटकाभराची घालमेल, पुढे सगळं शांत.

ताई: हा क्रम कुठला?

भाऊ: कुठला म्हणजे? उपासनेच्या पुस्तकात छापलेला असतो.

ताई: आणि बायबलमध्ये?

भाऊ: चारही शुभवर्तमानं मिळून होतोच ना तो.

ताई: चार मिळून जे होतं ते पाचवं. ते मत्तयने लिहिलेलं नाही, मार्कने नाही, लूकने नाही, योहानाने नाही. ही तीन तासांची उपासना पेरू देशातल्या लिमा शहरात जेझुइटांनी रुजवली. आपण नगरचे पक्के प्रॉटेस्टंट, आणि वर्षातली सगळ्यांत लांब उपासना करतो ती कॅथलिकांनी घालून दिलेल्या आखणीवर! त्याला माझी हरकत नाही. त्या क्रमाच्या आधाराने तू चौथ्या उद्गाराची धार घालवतोयस, त्याला आहे.

भाऊ: धार कशी गेली?

ताई: मार्क एकटा वाच. बाकीचे तिघे मिटून ठेव. शिष्य बागेतूनच पळाले. एक तरुण तर अंगावरचं तागाचं वस्त्र पकडणाऱ्यांच्या हातात टाकून उघडाच पळाला. त्याचं नाव नाही, गाव नाही, मागेपुढे त्याचा उल्लेख नाही. मत्तय आणि लूक दोघांनी तो प्रसंग गाळला, मार्कने ठेवला. पेत्राने ओळख नाकारली. वाटसरू हिणवतात, याजक हिणवतात, दोन्ही बाजूंना टांगलेले लुटारूही हिणवतात. पश्चात्ताप करणारा चोर मार्ककडे नाहीच. आई पायथ्याशी नाही. काही बाया लांबून बघताहेत. भर दुपारी अंधार पडतो, आणि तीनच्या सुमाराला हा एकच उद्गार. तोही जवळच्यांना धड ऐकू येत नाही, त्यांना वाटतं हा एलीया संदेष्ट्याला हाका मारतोय. मग एक मोठी आरोळी, आणि संपलं. याच्या आधी क्षमा नाही, नंतर शांती नाही.

भाऊ: पण ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो. आपल्याकडे कुणी अभंगाचं ध्रुपद म्हटलं की पुढचा अभंग ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप सुरू होतो. तसंच ते.

ताई: असेल. पण मार्कने शेवट लिहिला नाही, पहिली ओळ लिहिली. आणि ऐकणाऱ्यांपैकी काहींना ती एलीयाला मारलेली हाक वाटली, हेही त्यानेच लिहून ठेवलं. आता लूककडे ये. लूकच्या हाताशी मार्कचं पुस्तक होतं, हे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने हा टाहो काढला आणि त्या जागी एकतिसाव्या स्तोत्रातली ओळ आली, आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याची. त्याच लूकने प्रेषितांची कृत्ये लिहिलं. त्यात स्तेफनाला दगडांनी ठेचून मारतात, आणि मरताना तो दोनच गोष्टी मागतो: माझा आत्मा स्वीकार, आणि यांच्या माथी हे पाप लावू नकोस. लूकचा येशू ज्या दोन वाक्यांनी मरतो, जवळजवळ त्याच दोन. श्रद्धावंताने कसं मरावं याचा कित्ता लूक घालून देतोय. मार्कला कित्ता घालायचाच नाहीये.

भाऊ: आणि योहान?

ताई: योहानाच्या येशूला कुणी मारतंय असं वाटतच नाही. गेथशेमाने बागेत मार्कचा येशू जमिनीवर पडून विनवतो, हा प्याला टळू दे म्हणून. योहानात धरायला आलेली शिपायांची तुकडी मागे सरून जमिनीवर पडते! येशू उभा. पहिल्या तिघांत कुरेनेच्या शिमोनाला धरून आणतात आणि वधस्तंभ त्याच्या खांद्यावर देतात. योहानात येशू स्वतःच वाहून नेतो. तहान लागल्याचं म्हणतो तेही शास्त्रलेख पुरा व्हावा म्हणून. आणि शेवटी, काम पुरं झालं असं जाहीर करून मान लववतो. अशा येशूच्या तोंडी मार्कचा टाहो ठेवून बघ. जमतो का?

(क्षमेच्या पहिल्या उद्गाराबद्दल ताईने एक गोष्ट सांगितली नाही, ती मी सांगतो. लूकच्या काही फार जुन्या हस्तलिखितांत ते वाक्यच नाही. ते नंतर घातलं गेलं की कुणी गाळलं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. म्हणजे सातांच्या बेरजेतला पहिलाच आकडा पेन्सिलीने लिहिलेला आहे.)

भाऊ: ताई, तू मराठीची. तुझ्यासाठी या चार साहित्यकृती. मी हिशेबाचा माणूस. त्या शुक्रवारी माणूस एकदाच मेला. त्याला किती वाजता खिळलं, याचं उत्तर एकच असणार. मार्क म्हणतो तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी नऊला. योहानात दुपारचे बारा वाजत आलेत आणि येशू अजून पिलातापुढे उभा आहे. दोन वह्यांत दोन नोंदी असल्या की मी तिसरा कागद शोधायचो. त्याला तू लबाडी म्हणणार?

ताई: लबाडी नाही म्हणत. पण तिसरा कागद सापडला नाही तर तो स्वतः तयार करायचा नसतो. हॅरॉल्ड लिंडसेल नावाच्या अमेरिकन लेखकाने 1976 साली हेच केलं. पेत्राने नाकारलं ते कुणासमोर आणि कोंबडा किती वेळा आरवला, हे चारही ठिकाणी जुळेना. मार्कमध्ये कोंबडा दोनदा आरवतो, इतरांत एकदा. मग लिंडसेलने हिशेब मांडला की पेत्राने सहा वेळा नाकारलं असणार. येशू चारही शुभवर्तमानांत तीन वेळा म्हणतो. चौघांना खरं ठरवायला निघाला आणि चौघांनाही खोटं पाडून बसला.

भाऊ: ते टोक झालं. तातियानाचं घे. 170च्या सुमाराला त्याने चारही शुभवर्तमानं गुंफून एक केलं. सिरियातल्या मंडळ्यांत ते दोनशेहून अधिक वर्षं वाचलं जात होतं. लोकांची श्रद्धा काही बुडाली नाही त्याने.

ताई: पुढे थिओडोरेट बिशपाने आपल्या मुलखातून त्याच्या दोनशेच्या वर प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी चार वेगळी शुभवर्तमानं ठेवली.

भाऊ: कारण त्याच्या लेखी तातियान पाखंडी होता. चारांवर फार प्रेम होतं म्हणून नव्हे.

ताई: तेही खरं. पण त्याची एक तक्रार तुझ्या कामाची आहे. तातियानाने येशूच्या वंशावळ्या काढून टाकल्यात, असं तो म्हणतो.

भाऊ: दोन्ही?

ताई: दोन्ही. मत्तयने दिलेली अब्राहामापासून खाली येते, लूकची येशूपासून वर आदामापर्यंत जाते. दावीदानंतर मत्तय शलमोनाच्या फांदीने जातो, लूक नाथानाच्या. योसेफाचा बाप मत्तयात याकोब, लूकमध्ये एली.

भाऊ: जुळेनात म्हणून दोन्ही याद्या फाईलमधून काढायच्या? आमच्याकडे याला पुरावा नाहीसा करणं म्हणतात. मत्तयच्या यादीत आणखीही गडबड आहे. तो म्हणतो चौदा-चौदाचे तीन गट. मी मोजलेत. तिसऱ्यात तेराच भरतात.

ताई: पण त्याच यादीत त्याने चार बाया घातल्यात ते पाहिलंस का? तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. सारा नाही, रिबका नाही. बहुतेक परक्या, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या नावामागे लोकांची कुजबुज. त्या वाटेने तो मरीयेपाशी येतो. चौदाचा हिशेब चुकला असेल, बायांची निवड चुकलेली नाही. लूकच्या यादीत बाई नाही, पण तो अब्राहामापाशी थांबत नाही. आदामापर्यंत जातो, म्हणजे यहुद्यांच्या पलीकडच्यांनाही घरात घेतो. एकाला कुळातले डाग दाखवायचेत, दुसऱ्याला कुळाची भिंतच पाडायचीय. दोन्ही याद्या काढून टाकल्यावर उरलं काय?

भाऊ: तू मोठी चारांची कैवारी! नाताळच्या नाटकात गोठ्यात मेंढपाळांच्या शेजारी मागी लोक उभे करायचीस ते कोण होतं? मेंढपाळ लूकचे, मागी मत्तयचे. वर ते तीन. मत्तयने भेटवस्तू तीन सांगितल्यात, माणसं नाही मोजली.

ताई: मुलं जास्त होती रे, सगळ्यांना काम द्यायचं होतं.

भाऊ: तेच म्हणतोय मी. जगाला एकच गोठा पुरतो. पण त्या गोठ्यातला एक हिशेब मला खरंच छळतो. लूकमध्ये बाळ चाळीस दिवसांचं झाल्यावर यरुशलेमच्या मंदिरात नेतात आणि दोन पक्ष्यांचं अर्पण करतात. ती गरिबांची सवलत होती, ऐपत असेल त्याने कोकरू द्यायचं. आता मागी लोकांनी सोनं दिलेलं असेल, तर घरात सोनं ठेवून योसेफाने गरिबांची सवलत घेतली?

ताई: (हसून) मग कसा सोडवलास?

भाऊ: मागी नंतर आले. मत्तय घर म्हणतो, गव्हाणी म्हणत नाही. आणि हेरोद दोन वर्षांखालची मुलं मारतो. म्हणजे वर्ष-दीड वर्ष गेलं असणार.

ताई: पण लूकमध्ये मंदिरातलं आटोपून ते सरळ नासरेथला, आपल्या गावी जातात. मागी बेथलेहेमला येतात तेव्हा हे तिथे कसे? मत्तयच्या हिशेबी त्यांचं घर बेथलेहेमातच होतं. मिसरातून परतल्यावर हेरोदाच्या मुलाची, अर्खेलावाची, भीती वाटली म्हणून ते नासरेथला गेले, जणू तिथे पहिल्यांदाच राहायला चाललेत. लूकमध्ये ते मुळात नासरेथचे, नावनिशीसाठी बेथलेहेमला आलेले. आणि ती सुभेदार क्विरीनियाची नावनिशी इसवी सन 6 मधली. हेरोद त्याआधी नऊ-दहा वर्षं, इसवी सनापूर्वी 4 मध्ये मेलेला. तुझा तिसरा कागद इथे कुठून आणणार?

भाऊ: क्विरीनिय आधीही एकदा सुभेदार असेल, असं म्हणतात.

ताई: म्हणतात. पुरावा?

भाऊ: नाही.

(या ठिकाणी भावाला हार मानायला लावणं सोपं होतं. पण त्याच्या म्हणण्यातलं मुख्य हाड अजून शाबूत आहे, आणि ताई त्याला बगल देते आहे असं मला वाटत होतं. ‘दृष्टिकोन वेगळे’ हे शब्द हल्ली फार सोयीचे झालेत. हेरोदाच्या मरणाची तारीख हा दृष्टिकोन नव्हे.)

भाऊ: मग वल्हांडणाचं बोल. पहिल्या तिघांत शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन. योहानात शुक्रवारी सकाळी वल्हांडण अजून यायचंय. पुढारी पिलाताच्या वाड्यात पाऊल टाकत नाहीत, विटाळ झाला तर सणाचं जेवण चुकेल म्हणून. एका दिवसाचा फरक. यात कुणाचं तरी चुकलंय की नाही?

ताई: योहानाच्या हिशेबाने येशू मरतो ती वेळ मंदिरात वल्हांडणाची कोकरं कापण्याची. पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवून त्याला देवाचं कोकरू म्हणतो. शेवटी शिपाई येशूचे पाय मोडत नाहीत. कोकराचं हाड मोडायचं नाही असा वल्हांडणाचा नियमच होता. सगळं पुस्तक त्या तारखेवर तोललेलं आहे.

भाऊ: म्हणजे अर्थ लागावा म्हणून तारीख सरकवली.

ताई: तीच तर गंमत आहे. बरेच अभ्यासक तारखेच्या बाबतीत योहानाच्या बाजूचे आहेत. सणाच्या मुख्य दिवशीच अटक, रातोरात चौकशी आणि दुसऱ्या दिवशी वध, हे त्यांना पटत नाही. म्हणजे ज्याच्यावर तत्त्वज्ञान फार म्हणून शंका घ्यावी, त्याची तारीख कदाचित खरी. आणि साधा, सरळ वाटणाऱ्या मार्कचं भोजन कदाचित एक दिवस पुढे गेलेलं.

भाऊ: झोबेर नावाच्या फ्रेंच बाईंनी 1957 साली तोडगा काढला होता की. कुमरानच्या यहुदी पंथाचं कॅलेंडर वेगळं होतं, त्याप्रमाणे येशूने मंगळवारी भोजन केलं. दोघंही बरोबर.

ताई: चारांपैकी कोणी मंगळवार म्हणतो?

भाऊ: ...नाही. पण तू आत्ता मान्य केलंस. कुणाचं तरी बरोबर, कुणाचं तरी चूक.

ताई: केलं. मी कधी नाही म्हटलं? काही ठिकाणी कुणीतरी चुकलंय. पण तू ‘चुकलं’ म्हणून तिथून उठतोस, मी तिथे बसते.

भाऊ: बसून काय मिळतं ते दाखव. मोठे सिद्धांत नकोत, एक प्रसंग घे.

ताई: वादळ. मार्कमध्ये संध्याकाळ झालीय, येशूला तो होता तसाच होडीत घेतलाय, बरोबर दुसऱ्या होड्याही आहेत. पुढे त्या होड्यांचं काय झालं, मार्क सांगत नाही. लाटा आत येताहेत, होडी भरत चाललीय, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. ती उशी फक्त मार्कमध्ये आहे. शिष्य त्याला उठवतात ते जवळजवळ खेकसून: गुरुजी, आम्ही मरतोय, तुम्हाला काहीच नाही का त्याचं? तो उठतो, वारा थांबवतो, मग त्यांना बोलतो. आता मत्तय. उशी गेली, दुसऱ्या होड्या गेल्या. शिष्य प्रभू म्हणतात आणि वाचवा म्हणतात. खेकसणं गेलं, प्रार्थना आली. आणि येशू आधी त्यांना अल्पविश्वासी म्हणतो, वादळ चालू असतानाच. वारा नंतर थांबवतो. गुंथर बोर्नकाम या जर्मन अभ्यासकाने 1948 साली या एवढ्याशा फरकावर निबंध लिहिला. मत्तयची होडी ही त्याच्या काळची मंडळी आहे, असं त्याने दाखवून दिलं. छळ चालू आहे, वारा थांबलेला नाही, आणि तेवढ्यात विश्वासाबद्दल बोलणी खावी लागताहेत.

भाऊ: थोडक्यात, मत्तयने शिष्यांना सभ्य केलं.

ताई: येशूलाही थोडं सावरलं. नासरेथमध्ये येशूला चमत्कार करता आले नाहीत, असं मार्क म्हणतो. मत्तय म्हणतो, फारसे केले नाहीत. बेथसैदाच्या आंधळ्याला मार्कचा येशू थुंकी लावतो, मग विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडं चालल्यासारखी. मग पुन्हा हात ठेवावे लागतात, तेव्हा स्वच्छ दिसतं. पहिल्या खेपेला अर्धवट झालेला चमत्कार! मत्तय आणि लूक दोघांनी तो सोडून दिला.

(रक्तस्रावाच्या बाईचंही असंच. मार्क म्हणतो, वैद्यांपायी तिचा सगळा पैसा गेला आणि दुखणं उलट वाढलं. लूकमध्ये वाढल्याचं वाक्य नाही. परंपरा लूकला वैद्य मानते. त्याने धंद्याची अब्रू राखली, हा विनोद तेव्हापासून चालत आलाय.)

भाऊ: एक सांगू? नोंद सुधारायला आमची ना नसते. अट एकच, मूळ नोंद खोडायची नाही. खालची वाचता आली पाहिजे.

ताई: खोडलीय कुठे? मत्तयने मार्कचं पुस्तक जवळजवळ सगळं आपल्या पुस्तकात घेतलं. एवढं झाल्यावर मार्क ठेवायची गरजच नव्हती. तरी मंडळीने तो ठेवला, आणि सुधारलेल्याच्या शेजारी एकाच बासनात बांधला. तू म्हणतोस तेच झालंय. खालची नोंद वाचता येते. खोडणारा तातियान होता.

भाऊ: (जरा थांबून) मग खालच्या नोंदीपर्यंत जायला तुला काय हरकत आहे? मार्कच्याही खाली काय होतं, प्रत्यक्ष काय घडलं, ते कोण शोधणार? तुला चार रंग दिसले की तू खूश. मंडळीतला पोरगा मला येऊन विचारतो, काका, कबरेपाशी देवदूत एक होता की दोन? बाया किती? शिष्य गालीलात भेटले की यरुशलेमात? त्याला ‘बसून राहा’ म्हणू? तो उठून जातो, ताई. चर्चमधूनच उठून जातो.

ताई: जुळवून सांगितलेलं खोटं आहे हे त्याला दोन वर्षांनी मोबाइलवर कळलं तर तो राहील? त्याला सांग, मार्कमध्ये पांढऱ्या झग्यातला तरुण आहे, मत्तयात भूकंपासकट एक देवदूत, लूकमध्ये दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. मत्तय गालीलात नेतो, लूक यरुशलेम सोडू देत नाही. आणि सगळ्यांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्कचं पुस्तक बाया घाबरून पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, इथेच थांबतं. पुढच्या बारा ओळी नंतर जोडलेल्या. मी वर्गात लीळाचरित्र शिकवायचे तेव्हा हेच सांगायचे. म्हाइंभटांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिलं त्यांना गाठून लीळा जमवल्या. ती पोथी पुढे धाडीत गेली आणि आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली. हिराइसेची आठवण एक, परशरामबासांची दुसरी, रामेश्वरबासांची तिसरी. एकाचं धरून दुसऱ्याचं पुसलं नाही. कुणाचा पाठ कुठला, तेही लिहून ठेवलं. महानुभावांची भक्ती त्यामुळे कमी झाली का?

भाऊ: तिथे नावानिशी नोंद आहे. इथे चारांपैकी एकानेही पुस्तकात स्वतःचं नाव घातलेलं नाही. नावं दुसऱ्या शतकात चिकटली. आणि मराठीचंच काढलंस तर फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण घे, 1616 सालचं, रायतूरला छापलेलं. रेव्हरंड टिळकांनी आरंभलेलं आणि लक्ष्मीबाईंनी पुरं केलेलं ख्रिस्तायन घे. दोन्हींत येशू एकच. माणसं एका येशूपुढे गुडघे टेकतात, चार येशूंपुढे नाही.

ताई: स्टीफन्सने आपलं पुराण रचलं, बायबलमध्ये नाही बसवलं. ओवी गाताना एकच कथा लागते, ते मला मान्य. लूकनेही आधीच्यांची पुस्तकं पाहून आपलं वेगळं लिहिलं. मार्कचे सलग दोनेक अध्याय सरळ वगळले. त्यालाही मी काही म्हणत नाही. तू लूकसारखं लिहायला बस, मी वाचीन. पण मार्कमधून उद्गार काढून त्याच्या मागेपुढे लूक लावू नकोस.

भाऊ: आता माझं ऐक. कुरेनेच्या शिमोनाबद्दल मार्क एक गोष्ट सांगतो, ती मत्तयने आणि लूकने सांगितलेली नाही. शिमोन हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. कोण हे दोघे? कथेत त्यांना काही काम नाही. मार्क ज्यांच्यासाठी लिहीत होता त्या लोकांना ते माहीत होते, म्हणूनच नावं आली. त्या मंडळीत कुणाला वाटलं, हा टाहो ऐकून मी कसं झोपू, तर रूफला गाठून विचारता येत होतं, तुझ्या बापाने काय पाहिलं? मार्कला शेवट न लिहिता थांबणं परवडलं, कारण पुढचं सांगणारी माणसं आसपास होती. माझ्याकडे रूफ नाही. चार पुस्तकं आहेत. म्हणून मी लूकला विचारतो, योहानाला विचारतो. तू त्याला पाचवं शुभवर्तमान म्हण.

ताई: हे तू आधी का नाही बोललास?

भाऊ: तू बोलू दिलंस तर ना.

ताई: विचार त्यांना. पण मार्कचं बोलणं पुरं झाल्यावर विचार.

भाऊ: पंधरा मिनिटांत?

ताई: वाचन मार्कच्या पंधराव्याचं ठेव, अलीकडे-पलीकडे जाऊ नकोस. सातवा उद्गार कुणाकडे आहे?

भाऊ: पाळकसाहेबांकडे.

ताई: मग त्यांच्या वाट्याचं तू कशाला बोलतोस?

भाऊ: कारण माझं झालं की निम्मे लोक उठून जातात. सातव्यापर्यंत थांबतं कोण?

ताई: म्हणजे निम्मे लोक मार्क ऐकून गेले. बिघडलं कुठे?

भाऊ: बिघडलं असं, की मार्कमधल्या बायांसारखे तेही कुणाला काही सांगणार नाहीत.

ताई: त्या बाया बोलल्या नसत्या तर मार्कला कळलं कुठून?